डेडलॉक: लॉक लावताना या चुका टाळा

प्रोग्राम गोठलाय, पण सीपीयू जवळपास शून्यावर. असं दिसलं की पहिला संशय डेडलॉकचा घ्यावा: दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामात समांतर चालणारी कामं) एकमेकांनी धरलेल्या लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, वाट पाहत कायमचे अडकलेत. (सीपीयू शंभर टक्क्यांवर पळत असेल तर दुखणं बहुधा वेगळं, अंतहीन लूप शोधा.) बहुतेक जण इथे लगेच रीस्टार्ट मारतात आणि पुरावा पुसून टाकतात. आधी सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनात अडकलंय त्याची यादी) काढून ठेवा. त्यासाठी जावा असेल तर जेस्टॅक हे टूल, सी असेल तर जीडीबी हा डीबगर.

खरी घातक चूक कोड वाचताना दिसतच नाही. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोदामातून नवी पेठेतल्या दुकानात चादरी वर्ग करायचं फंक्शन आहे. माल जिथून निघतो तिथलं लॉक आधी, जिथे जातो तिथलं नंतर. क्रम पक्का वाटतो ना? पण त्याच क्षणी दुकानातून डागाळलेला माल गोदामात परत येत असला, तर एका थ्रेडने गोदाम धरलेलं, दुसऱ्याने दुकान, आणि दोघंही अडून बसलेले. दिवाळीच्या गर्दीत हे घडतं, टेस्टिंगमध्ये सापडत नाही. म्हणून क्रम मालाच्या दिशेवर नको, ठिकाणाच्या आयडीवर ठेवा: लहान आयडीचं लॉक नेहमी आधी.

संगणकतज्ज्ञ कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये चार अटी मांडल्या: साधन एका वेळी एकालाच, हातातलं धरून दुसऱ्याची वाट पाहणं, हिसकावून घेता न येणं आणि वाट पाहणाऱ्यांचं चक्र. चारही जुळल्याशिवाय डेडलॉक होत नाही. आयडीच्या क्रमाने चक्र मोडतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात स्वस्तात मोडतं. डायक्स्ट्राचा डेडलॉक टाळणारा बँकर्स अल्गोरिदम परीक्षेत हटकून येतो खरा, पण त्याला प्रत्येक प्रोसेसची कमाल गरज आधी कळावी लागते. विंडोज किंवा लिनक्सला ती कोण सांगणार?

ट्रायलॉक (लॉक मिळालं तर घ्यायचं, नाही तर न अडकता परत यायचं) वापरताना दुसरं लॉक मिळालं नाही, तर हातातलं पहिलंही सोडा. मग थोडं थांबून पुन्हा या, पण दर वेळी कमी-जास्त थांबा. सगळे सारखंच थांबले तर धरणं-सोडणं चालूच राहतं, काम होत नाही. लॉक धरून प्रिंटरला बिल पाठवण्यासारखं रेंगाळणारं काम तर नकोच.

पोस्टग्रेस हा डेटाबेस लॉकसाठी 1 सेकंद वाट पाहून चक्र तपासतो आणि सापडल्यास एक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा गट) रद्द करतो. ती एरर गिळू नका, अख्खं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा. लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहीत असाल, तर टेस्टिंगच्या मशीनवर लॉकडेप हा कर्नलमधला लॉक-तपासनीस चालू ठेवा. लॉकचा उलटा क्रम दिसला की प्रत्यक्ष अडकण्याआधीच तो बोंब मारतो.