किनारा आणि डोंगर एकाच दिवसात चालताना या चुका टाळा

सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या कोकणातल्या पायी भटकंतीत थोडा किनारा आणि थोडा डोंगर ही जोडी सर्वांत सुखाची असते. अलिबागची पुळण आणि मापगावचा कनकेश्वर, रेवदंड्याचा किनारा आणि कोर्लईचा किल्ला, गुहागरचा समुद्र आणि अंजनवेलचा गोपाळगड अशा कितीतरी जोड्या एका दिवसात होण्यासारख्या आहेत. अंतरे मोठी नसतात, उंची फार नसते, वस्ती सहसा जवळच असते, आणि त्यामुळेच बेत ढिलाईने आखला जातो. सह्याद्रीतल्या अवघड गडाला जाण्याआधी आठवडाभर चौकशी करणारी माणसे किनाऱ्यावर जाताना घड्याळाखेरीज काहीच पाहत नाहीत. माझ्या मते या भटकंतीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे: समुद्राचा आणि डोंगराचा विचार वेगवेगळा केला जातो. दिवसाची आखणी ओहोटीच्या वेळेपासून सुरू करावी आणि डोंगर कधी चढायचा हे तिच्यावरून ठरवावे.

भरतीची वेळ न पाहता तारीख ठरवणे

आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, त्यामुळे त्यांच्या वेळा रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकतात. मागच्या रविवारी मित्र दुपारी बाराला ज्या वाटेने आरामात गेला, त्याच वाटेवर या रविवारी बाराला कमरेइतके पाणी असू शकते. वेळापत्रक मोबाइलवर सहज मिळते आणि ते पाहावेच. पण कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेला हिशेबही जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्याने महिनाभरातला सोयीचा दिवस कॅलेंडरवरूनच निवडता येतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा अंदाजे तास निघतो, आणि त्यात सहा मिळवले की ओहोटीचा. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूला चांगला जुळतो. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याकडे, पाणी थोडे आधी चढते.

हा हिशेब मांडला की डोंगर आणि किनारा यांची सांगड आपोआप बसते. एकादशीपासून चतुर्दशीपर्यंतच्या दिवसांत, पक्ष कोणताही असो, ओहोटी साधारण दुपारी दोन ते साडेचारच्या दरम्यान येते. सकाळच्या गारव्यात डोंगर चढून उतरावा, सावलीत जेवावे आणि मग किनाऱ्याला लागावे, यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. द्वितीया ते चतुर्थीच्या सुमारास ओहोटी सकाळी असते; तेव्हा उजाडताच किनारा चालून घ्यावा आणि डोंगर, लहान असेल तरच, चारनंतरसाठी ठेवावा. सर्वांत गैरसोयीचे दिवस पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपासचे, कारण तेव्हा भर दुपारी उधाणाची भरती असते आणि खडकाळ टोकांना वळसा घालून जाणाऱ्या वाटा पाण्याखाली जातात. चांदण्यासाठी म्हणून पौर्णिमेला किनारा चालण्याचा बेत करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

ओहोटी लागली म्हणजे वाट मोकळी झाली असे समजणे

ओहोटी सर्व दिवशी सारखी नसते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. अलिबागहून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊ म्हणून आलेले लोक अशा दिवशी भर ओहोटीलाही वाटेत पाणी पाहून गोंधळतात. उधाणाच्या दिवशी उलटे घडते. पाणी दूरवर मागे जाते, वाट खडखडीत मोकळी होते, आणि त्या मोकळेपणाचा भरवसा वाटून माणसे आत रेंगाळतात. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या भरतीओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून मालवणजवळच्या तारकर्लीच्या अनुभवावर अलिबागचा अंदाज बांधणे ही स्वतंत्र चूक आहे.

पाणी चढण्याचा वेगही एकसारखा नसतो, आणि माणसे अडकतात ती बहुधा हे माहीत नसल्यामुळे. सहा तासांच्या चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. ओहोटीनंतरचा पहिला तास काहीच घडत नसल्यासारखा वाटतो. तिसऱ्या तासात मात्र उधाणाच्या दिवशी पाणी एक मीटरहून अधिक वर येते. त्यामुळे कुलाब्यासारख्या ठिकाणी ओहोटीच्या ऐन वेळेच्या तासभर आधी आत जावे आणि ती वेळ उलटल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत लागावे. स्थानिक माणूस याहून आधी निघायला सांगत असेल, तर त्याचेच ऐकावे.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग वेगळ्या सावधगिरीचा आहे. डोंगराच्या फटीतल्या पायऱ्यांनी उतरून ही वाट थेट समुद्राच्या खडकांवर येते, आणि लाटांनी कोरलेले ते खडक पाहताना पाठ समुद्राकडे होते. तेथे लाटेने ओढून नेल्याने माणसे दगावली आहेत. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात ही वाट वर्ज्यच समजावी. पण दूर समुद्रात वादळ असेल तर स्वच्छ हवेत, ओहोटीतही, मोठ्या लाटा येतात. समुद्राच्या स्थितीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राचे उंच लाटांचे इशारे निघण्याच्या दिवशी सकाळी पाहावेत, आणि खडकांवर उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे उभे राहून सर्वांत मोठी लाट कुठवर पोहोचते ते बघावे. खडकाचा जो भाग ओला आणि काळपट दिसतो, तेथे लाट येत असते. छायाचित्रासाठी त्या भागावर कधीही उभे राहू नये.

एवढे करूनही पाण्याने वाट अडवलीच, तर चढत्या पाण्यातून टोकाला वळसा घालण्याचा प्रयत्न करू नये; खालचे शेवाळ आणि खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले दिसत नाहीत आणि लाटेत तोल गेला की माणूस खडकावर आपटतो. गवत किंवा झुडपे उगवली आहेत तेथवर सुरक्षितपणे चढता येत असेल तर चढावे, ११२ वर कळवावे आणि थांबावे. भरती पूर्ण होऊन पाणी पुन्हा उतरायला काही तास लागतील, पण ते उतरतेच. ठिसूळ कड्यावर हातापायांनी चढून वरचा रस्ता गाठण्याच्या धडपडीत होणारी इजा बहुधा त्या प्रतीक्षेपेक्षा कितीतरी महाग पडते.

डोंगराची उंची आकड्यावरून जोखणे

कोकणातल्या टेकड्यांचे आकडे देशावरच्या ट्रेकरला किरकोळ वाटतात. घाटमाथ्याच्या बाजूने गड चढताना बरीचशी उंची गाडीनेच गाठलेली असते. किनाऱ्याजवळचा डोंगर मात्र जवळजवळ समुद्रसपाटीपासून सगळाच्या सगळा पायांनी चढावा लागतो. राजमाचीला लोणावळ्याहून जाणारी वाट लांबलचक पण सौम्य, आणि कोकणातल्या कोंदिवड्याहून चढणारी वाट दमछाक करणारी, हा फरक ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको. कनकेश्वरच्या मापगावकडच्या पायऱ्या बांधीव आहेत, वाटही झाडीची आहे, तरीही दमट हवेत त्या चढताना सह्याद्रीतल्या नेहमीच्या वेगाने चालणारा माणूस अर्ध्यातच बसतो. पहिल्या वीस मिनिटांत मुद्दाम सावकाश चालावे.

अलिबागजवळच्या सागरगडासारख्या डोंगरावर उन्हाळ्यात घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती, असतो आणि पावसाळ्यात व त्यानंतर काही आठवडे दगडांवर शेवाळ असते. जवळची वाट म्हणून गवतातून सरळ खाली उतरणे दोन्ही ऋतूंत वाईट. मळलेली पायवाट किंवा गावकऱ्यांची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) लांबची दिसली, तरी तीच धरावी.

उन्हाचा हिशेब तापमानावरून करणे

किनाऱ्यावर ३३ अंश म्हणजे पुण्यातल्या ३३ अंशांसारखेच असे मानणे चुकीचे आहे. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. भारतीय हवामान विभागानेही हा फरक मान्य केला आहे: मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, किनारपट्टीवर ते ३७ अंश पुरते, अर्थात सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल तर.

वाऱ्याची वेळही बेतात धरावी. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे जोर धरायला बराच वेळ लागतो. मधला काळ, साधारण नऊपासून अकरा-साडेअकरापर्यंतचा, विलक्षण कोंदट असतो, आणि उशिरा उठून निघालेली मंडळी नेमकी त्याच वेळी चढावर असतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत साडेसहाला चढायला सुरुवात करून नऊपर्यंत खाली येता येत नसेल, तर तो डोंगर नोव्हेंबर ते जानेवारीसाठी राखून ठेवावा.

पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नाही, कारण घामातून मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरी बनवायला सोपे आहे, आणि मीठ घातलेले कोकम सरबतही चालते. डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसली की तेथेच सावलीत थांबावे, अंग ओले करून वारा घालावा. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजून १०८ ला बोलवावे आणि मदत येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत राहावे. अशा माणसाला चालवत खाली आणू नये.

सड्यावर निष्काळजीपणे पाऊल टाकणे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून वर चढले की जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचा सपाट माळ, लागतो. तेथे झाड नाही, आडोसा नाही, आणि सगळीकडे सारखेच दिसत असल्यामुळे दिशा चुकते. निघाल्या जागेची खूण मोबाइलच्या नकाशावर करून ठेवावी आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला, तर सड्यावरचा सर्वांत उंच बिंदू आपणच असतो. फोटोसाठी न थांबता गावाकडे उतरावे.

याच सड्यावर उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. अनेक शिल्पे आजही उघड्यावर आहेत. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांत पाणी, खडू किंवा चुना घालणे आणि आकृतीवर उभे राहून छायाचित्र काढणे मला अक्षम्य वाटते. हजारो वर्षे टिकलेली रेषा पायांखाली झिजवण्याचा हक्क कोणालाही नाही.

जांभ्याच्या फटींत आणि गडग्यांत, म्हणजे दगडी कुंपणांत, विषारी सापांपैकी फुरसे असते. ते लहान, मातकट रंगाचे आणि सहज न दिसणारे असल्यामुळे गडग्यावर बसताना, दगड उचलताना आणि खाली हात टेकताना आधी नीट पाहावे. अंधारात विजेरीशिवाय चालू नये, आणि चप्पल न घालता घोटा झाकणारे बूट घालावेत. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठी, घड्याळ काढून घ्यावे, दंश झालेला अवयव न हलवता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. लाल विंचवाचा दंशही किरकोळ मानू नये, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्यावर परिणामकारक उपचार आहेत, पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगी.

खाडी नकाशावर रेघेसारखी दिसते म्हणून ती विसरणे

किनाऱ्याने सलग चालण्याचा बेत खाडीपाशी मोडतो. समोरचे गाव डोळ्यांसमोर दिसते, पण पलीकडे नेणारी होडी नसेल तर रस्त्याने प्रचंड वळसा पडतो. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले येथे फेरीबोटी चालत आल्या आहेत. लहान खाड्यांवरच्या होड्या मात्र प्रवासी असतील तर, पाणी पुरेसे असेल तर आणि नावाडी असेल तर. शेवटची होडी कधी सुटते हे पलीकडे जाण्यापूर्वी विचारावे, परत येताना नव्हे. ओहोटीला खाडी उथळ दिसते म्हणून चालत ओलांडू पाहणे धोक्याचे आहे: खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो आणि मधल्या प्रवाहाला ओढ असते. पाय रुतलाच तर जोराने उपसू नये. पाठपिशवी उतरवावी, मागे रेलून वजन पसरावे, पाय हळूहळू हलवून मोकळा करावा आणि आलेल्या दिशेनेच, गरज पडल्यास रांगत, बाहेर यावे.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. सूर्यास्त डोंगरावरून पाहायचा असेल तर उतरण्यासाठी प्रत्येकाजवळ विजेरी हवी, मोबाइलचा दिवा नव्हे, कारण दिवसभर नकाशा पाहून तोवर त्याची बॅटरी संपत आलेली असते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर, जेथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, अंधार पडल्यावर पुळणीवर दिवे घेऊन चालूच नये. तेथे गावातल्या कासवमित्रांना विचारून, ते नेतील तेव्हा आणि नेतील तेथेच जावे.