वाघाची शिकार साधली की हुकली, मातीवरून कसं ओळखाल

पांदणीवर वाघाचे पंजे आणि रोह्याचे (नीलगायीचे) खूर एकत्र दिसले की गावात लगेच बोभाटा होतो, ‘वाघानं रोही मारला.’ बहुतेक वेळा मारलेला नसतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत मोकळ्या माळावर हरणांमागे धावणारा एकटा सिंहसुद्धा सहा-सात वेळा झेपावतो तेव्हा एकदा यशस्वी होतो. कान्हात १९६०च्या दशकात वाघांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांचा अंदाज तर विसात एक असा होता.

माग सकाळी, ऊन तिरपं असताना, गुरं जाण्याआधी बघा. माग आपल्या आणि सूर्याच्या मधे ठेवला की ठशाची कड उठून दिसते. दोघं-तिघं मिळून जा आणि वाटेवरच थांबा, झुडपात शिरू नका.

रमतगमत चाललेल्या वाघाचा मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर किंवा जरा पुढं पडतो, नखं उमटत नाहीत. झेप घेतली की चारही पंज्यांचे झुबके दिसतात, मधे मोठी मोकळी जागा, नखांचे ओरखडे, मागं उडालेली माती. खुरांकडंही बघा: पळत्या जनावराचे खूर टोकाशी फाकतात.

आता शेवट शोधा. झुबके जवळ-जवळ येत गेले, मग साधी चाल सुरू झाली आणि खूर तसेच पुढं पळत गेले, तर शिकार हुकली. रक्त नाही म्हणून हुकली असं मात्र समजू नका. वाघ गळा धरून गुदमरवतो, रक्त नावालाच सांडतं. खरी खूण फरफटीची: दबलेलं गवत, केसांचे पुंजके, एका रेषेत झाडीकडं गेलेला पट्टा. तो दिसला की तिथूनच मागं फिरा आणि वनरक्षकाला कळवा. शिकारीवर बसलेला वाघ जवळच असू शकतो.

हुकली का, तेही बरंचसं कळतं. दबा धरल्याची जागा आणि खूर पहिल्यांदा फाकले ती जागा, यांतलं अंतर पावलांनी मोजा. वीस-पंचवीस मीटरच्या वर असेल तर वाघाला पुरेसं जवळ जाताच आलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चात सागाचा पाचोळा वाजतो, तेव्हा हे फार होतं. चितळाच्या बाबतीत आणखी एक पुरावा सापडतो. एकाच जागी पुढच्या खुराचे दोन-चार खोल ठोके, तोंड वाघाच्या दिशेला. चितळानं त्याला आधीच पाहिलं होतं आणि पाय आपटून कळपाला सांगितलं होतं.

फसगत गावकुत्र्यांमुळं होते. तीही चितळ पळवतात, आणि धावताना नखं दोघांचीही उमटतात. अशा वेळी माग उलटा काढत साध्या चालीच्या ठशापर्यंत या. तिथंही नखं दिसली आणि ठसा तीन-चार बोटं रुंद निघाला, तर ते कुत्रं.