कच्छमध्ये जीवाश्म पाहायला जाताना या चुका टाळा

वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेसने भुजला उतरणाऱ्या मुंबईकराची डोंगर चढण्याची सवय सह्याद्रीच्या काळ्या कातळावर घडलेली असते, आणि कच्छच्या रणातील खडीर बेटावर किंवा भुजच्या उत्तरेकडील घळींमध्ये होणाऱ्या बहुतेक चुका या सवयीतूनच होतात. सह्याद्री लाव्हारसाचा असल्यामुळे त्यात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात सापडलेले वरळीच्या टेकडीतील बेडूक हा आपल्या शहराचा अपवाद. भुजच्या उत्तरेकडील डोंगर मात्र प्रामुख्याने ज्युरासिक काळातील सागरी गाळाचे आहेत. त्यांतील मऊ थरांत घळी पडतात, आणि घळी पडतात म्हणूनच अमोनाइट, म्हणजे नामशेष सागरी प्राण्यांचे गुंडाळीदार शंख, उघडे होतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाट चुकल्यावर ओढा धरून खाली उतरणे. कोकणच्या बाजूला हा उपाय बहुधा लागू पडतो, कारण ओढ्याच्या शेवटी शेत, शेत संपले की वाडी आणि वाडीत चहा मिळतो. खडीर बेटावरील ओहोळ मात्र रणात जाऊन संपतो, आणि तिथे ना माणूस भेटतो ना सावली. शिवाय घळीत उतरलेल्या माणसाला दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीच्या मातकट भिंती दिसतात. लक्षात ठेवायला बुरूज किंवा सुळका नसतो. त्यामुळे प्रत्येक फाट्यावर मागे वळून परतीच्या दिशेचा फोटो घ्यावा, गाडीचे ठिकाण नेटवर्कशिवाय चालणाऱ्या नकाशात आधीच नोंदवावे आणि शंका येताच खाली न जाता जवळच्या सोप्या उतारावरून धारेवर चढावे.

धारेवर पोहोचल्यावर मात्र कडेला उभे राहू नये. वर वालुकाश्माची कठीण फळी आणि तिच्याखाली पावसाने पोखरलेला मऊ थर अशी रचना अनेक ठिकाणी असते. गेल्या फेब्रुवारीत फोटोसाठी मी अशा फळीवर पाऊल टाकले, तेव्हा ताटाएवढा तुकडा आवाज न करता निसटला आणि खाली पडल्यावरच त्याचा आवाज आला; मी मात्र वरच राहिलो.

रणाचा पांढरा पृष्ठभाग सिमेंटसारखा दिसतो, म्हणून गाडी रस्त्यावरून खाली उतरवण्याचा मोह होतो. मिठाच्या थराखाली पावसाळ्यानंतर कित्येक महिने काळा चिखल असतो. चाक रुतलेच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नये, कारण चाक जितके फिरते तितके ते खोल जाते. चाकांपुढची माती हाताने काढावी, टायरमधील हवा बरीच कमी करावी, गाडीतील पायपुसणी चाकांखाली सरकवावीत आणि सावकाश गाडी काढावी. तरीही न जमल्यास गाडीजवळच थांबावे. चालत मदत शोधायला निघालेला माणूस गाडीपेक्षा कठीण सापडतो.

पाण्याविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की माणशी पाच लिटर घ्यावे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात जावे. हा सीमाभाग आहे, त्यामुळे ड्रोन घरी ठेवावा, अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि परदेशातून आणलेला उपग्रह फोन सुरक्षेसाठी म्हणूनही बरोबर नेऊ नये, कारण परवान्याशिवाय तो बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे.

राहिली ती उचलून आणण्याची चूक. धोलावीराजवळच्या उद्यानातील अश्मीभूत खोडाला कुंपण आहे, पण उघड्या घळीत पडलेला अमोनाइट कोणाचाच नाही असे वाटते. थराचे वय त्यातील अमोनाइटवरून ठरवले जाते. जागेवरून हललेला अमोनाइट ही साक्ष गमावतो आणि केवळ शोभेचा दगड उरतो. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतील मणके २००५ मध्ये गोळा झाले आणि त्यांची ओळख ‘वासुकी’ या महाकाय सापाचे म्हणून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढ्या वर्षांनीही त्यांतून अर्थ लागला, कारण ते कुठल्या थरातून आले हे माहीत होते. म्हणून वेगळे काही दिसल्यास शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून एक फोटो जवळून व एक दुरून घ्यावा, अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ही माहिती भुजच्या कच्छ विद्यापीठातील भूविज्ञानाच्या अध्यापकांकडे पाठवावी. परत निघताना नाणे तेवढे आठवणीने उचलावे.