गिटार कोण सोडून देतं, ते आधी शोधा

गिटार बनवणारा बाजाराचा अंदाज घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: लोकांना कसली गिटार हवी? मी पुण्यात असल्या पाहण्यांची कामं करतो आणि हा प्रश्न मी फॉर्मात ठेवतच नाही. ज्यानं कधी गिटार हातात धरलेली नाही, तो सांगणार काय? काळी हवी, आवाज चांगला हवा, स्वस्त हवी. यावरून कारखान्यात कुठला साचा बदलणार?

कामाची माहिती असते ती गिटार घेऊन सोडून दिलेल्यांकडे. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी मुलाखतींत उघड सांगायचे, की नवशिक्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच वाजवणं सोडतात. २०१७ मध्ये त्या कंपनीनं ‘फेंडर प्ले’ ही ऑनलाइन शिकवणी काढली, ती या गळतीकडे बघूनच. जो टिकतो तो दुसरी गिटार घेतो, तारा घेतो, भावाला घ्यायला लावतो. त्यामुळे माझ्या पाहणीचा निम्मा वेळ गळालेल्यांवर जातो.

आधी कागदावरचं काम उरकून घ्या, एका दुपारचं आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आयात-निर्यातीचे आकडे फुकट मिळतात. तिथे प्रत्येक मालाला एक कोड असतो. ९२०२ हा कोड तंतुवाद्यांचा. त्यात गिटारबरोबर व्हायोलिन, हार्प असं सगळं गोळा केलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटार मात्र ९२०७ मध्ये जाते. नुसता ९२०२ उचलून ‘भारतातली गिटारची आयात’ असा रंगीत तक्ता करणाऱ्या सल्लागाराला पैसे देऊ नका. परदेशी विकायचा विचार असेल तर शिसवीचे नियमही पाहून ठेवा. जानेवारी २०१७ पासून त्या लाकडाच्या वाद्यांना साइट्सचे (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागायला लागले होते, नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला ती नाही.

मग दुकानात जा. मालकाची परवानगी घ्या आणि शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यात उभे राहा. गिटार मुलगा हातात घेतो, किंमत बाबा विचारतात आणि निर्णय बऱ्याचदा तिथे नसलेल्या माणसाचा असतो. तो म्हणजे क्लासचे सर. ‘सरांनी हीच सांगितलीय’ हे वाक्य किती वेळा कानावर येतं ते वहीत टिपा. दुकानदाराला ‘काय खपतं?’ विचारलंत तर ज्यात त्याला जास्त सुटतात त्याच मालाचं नाव पुढे येईल. त्यापेक्षा विचारा, परत काय येतं? तक्रार काय घेऊन येतात? इथे तो मोकळा बोलतो, कारण ती डोकेदुखी त्याची स्वतःची असते.

परत आलेली गिटार दिसली तर स्टीलची छोटी मोजपट्टी काढा. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या कडा बसवलेल्या असतात, त्या म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर नवशिक्याची बोटं निभावतात. चारच्या पुढे गेलं असेल तर एफ कॉर्ड (एका बोटानं बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरमेळ) लागतच नाही, पोरगं समजतं आपल्यालाच जमत नाही, आणि गिटार कपाटावर जाते. बोटं दुखली म्हणून सोडलेल्यांमधली पुष्कळ मंडळी खरं तर उंच तारांमुळे सोडतात. हे प्रश्नावलीत कधीच उमटत नाही, कारण ‘ॲक्शन’, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, हा शब्दच त्यांनी ऐकलेला नसतो.

हीच मोजणी पावसाळ्यात परत करा. कोकणात, गोव्यात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरतं, ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागे गिटारचं पोट फुगतं आणि तारा वर जातात. डिसेंबरात केलेली पाहणी या बाबतीत अर्धवट.

जुन्या वस्तूंच्या जाहिराती हा माझा सगळ्यात आवडता भाग. तिथे लिहिलेलं कारण वाचू नका, ते नेहमी ‘शिफ्टिंगमुळे’ असतं. फोटो मोठा करून बघा. पिकगार्डवरची (ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पत्र्यावरची) प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली, तारा गंजलेल्या, आणि वाजवल्याच्या खुणा असल्याच तर पहिल्या तीन फ्रेटपुरत्या. दोन वर्षं जुनी गिटार, आणि तिसऱ्या फ्रेटपुढे कोणी गेलेलंच नाही! विकणाऱ्याला फोन करा, बघायला जा, दहा मिनिटं बोला. काही विकत घेतलं नाहीत तरी लोक बोलतात, फक्त आपण कशासाठी आलोय ते आधी खरं सांगावं.

बोलताना ‘अशी गिटार आली तर घ्याल का?’ हे टाळा. आपला माणूस समोरच्याला नाराज करत नाही, हो म्हणून मोकळा होतो. घडून गेलेलं विचारा. तारा शेवटच्या कधी बदलल्या? कोणी बदलल्या? किती दिले? गिटार आत्ता घरात कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न आईला विचारायचा. ती नेमकी जागा सांगते, वर धूळ कोण पुसतं तेही.

मुलींशी वेगळं बोला. फेंडरनेच २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिका-ब्रिटनमधल्या नवशिक्यांत निम्म्या स्त्रिया निघाल्या. आपल्याकडचा आकडा तोच धरायचं कारण नाही, पण क्लासमध्ये जाऊन बघा. ४१ इंची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद अंगाची गिटार, घेऊन एखादी शाळकरी मुलगी बसते, तेव्हा उजवा हात गिटारच्या अंगावरून पलीकडे टाकायला खांदा कानाकडे चढतो. तासाभरानं ती गिटार बाजूला ठेवून मान चोळते. लहान आकाराची गिटार ‘पोरांची’ म्हणून रंगीबेरंगी करणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

नमुना तयार झाला की चाचणी घ्या, पण हेडस्टॉकवर, म्हणजे कंपनीचं नाव असतं त्या वरच्या टोकावर, कागद चिकटवून. नाव दिसलं की कान बंद होतात. तुलनेसाठी यामाहाची एफ २८०, अजून एखादी स्वस्तातली आणि तुमची, तिन्हींना त्याच दिवशी एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या तारा चढवा. एवढं केलं नाही तर नव्या तारांची गिटार जिंकणार, लाकूड कुठलंही असो. तिन्हींची ॲक्शनही सारखी लावून घ्या. मग पहिल्या दिवसाचं मत घ्या आणि गिटार महिनाभर त्यांच्याकडे ठेवायला द्या. महिन्यानंतर मत विचारत बसू नका, पट्टी घेऊन जा आणि फ्रेटवरच्या खुणा बघा.

किंमत मी अगदी शेवटी काढतो, तीही क्लासच्या सरांसमोर. विद्यार्थ्याला कितीपर्यंतची सुचवता, असं विचारायचं, आणि सुचवल्याबद्दल दुकानाकडून काही मिळतं का, हेही. हसून विषय बदलला तर तुमच्या खर्चाच्या तक्त्यात एक ओळ वाढवा.