ईएसपी३२ ला जोडलेली एलईडी पट्टी लुकलुकते, भलतेच रंग दाखवते: माझा अनुभव

आकाशकंदिलासाठी ईएसपी३२ (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक एलईडीचा रंग कोडने ठरवता येतो ती), ६० एलईडी, ५ व्होल्टचा ४ अँपिअर सप्लाय. कोड साधा लाल रंगाचा, तरी मध्येच हिरवे-निळे ठिपके चमकायचे. लायब्ररी बदलली, पट्टी बदलली, ब्राइटनेस कमी केला, फरक शून्य. दोन रात्री वाया गेल्या.

मूळ कारण व्होल्टेजचं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या या पट्टीला डेटाचा 'हाय' (म्हणजे '१' हा सिग्नल) किमान ३.५ व्होल्ट लागतो. ईएसपी३२ देतो ३.३. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

आधी सप्लाय बंद करा. सप्लाय, बोर्ड आणि पट्टी यांचे ग्राउंड (उणे टोकं) एकत्र जोडा. मग ३.३ व्होल्टचा डेटा ५ व्होल्टवर नेणारा ७४एएचसीटी१२५ आयसी (चिप): पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ आणि १ ग्राउंडला, २ वर बोर्डाचा डेटा. पिन ३ मधून ३३० ओहमच्या रेझिस्टरमार्गे पट्टीच्या डीआयएनला (डेटा आत घेणाऱ्या टोकाला). रेझिस्टर पहिल्या एलईडीजवळच. शेवटी पट्टीच्या सुरुवातीला ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कपॅसिटरवर ज्या बाजूला पट्टा छापलाय तो पाय ग्राउंडला. उलटा लागला तर फुटतो.

दुकानात 'एएचसीटी'ऐवजी नुसता 'एचसी' आयसी हातात देतात. तो घेऊ नका, त्यालाही ३.५ व्होल्टच लागतात.