रणथकव्याचा, म्हणजे लढाईच्या ताणाने सुन्न झालेल्या सैनिकाचा, फोटो कसा वाचाल?

आधी डोळे नाही, फोटोओळ पाहा: तारीख, ठिकाण, छायाचित्रकार. मग हात. ब्रिटिश युद्धछायाचित्रकार डॉन मॅककलिन यांनी १९६८ मध्ये व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात टिपलेल्या अमेरिकी मरीनने रायफल दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे; नजर मात्र कॅमेऱ्यापलीकडे. अशा ठिकाणी लगेच शेजारच्या फ्रेम, म्हणजे त्याच वेळी आधी-नंतर टिपलेले फोटो, शोधा. मॅककलिन यांनी पाच घेतल्या, पाचही जवळजवळ सारख्याच. म्हणून तिथे ‘गोठलेला’ हा शब्द शोभतो. एकच फ्रेम फसवते: १/१२५ सेकंदात अर्धवट मिटलेली पापणीही सुन्न दिसते. शिवाय जागरण, डोक्याला बसलेला मार, धूर यांनीही चेहरा असाच होतो. तेव्हा ‘थकलेला दिसतो’ इतकंच लिहा. निदान डॉक्टरांच्या नोंदीवरून होतं, फोटोवरून नाही. क्रॉप केलेली, म्हणजे कडा छाटलेली, प्रत तर बाजूलाच ठेवा, हात नेमके तिथेच कापलेले असतात.