२५ मीटरवर गोळ्या खाली-डावीकडे जायच्या, ते असं सुटलं

एअर पिस्तूलवरून पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या, खऱ्या काडतुसाच्या पिस्तूल) वर आलो आणि सगळ्या गोळ्या खाली डावीकडे (मी उजव्या हाताने मारतो), साईट (नेम धरायच्या खुणा) कितीही फिरवली तरी तेच. शेवटी कोचनी गुपचूप मॅगझिनमध्ये एक डमी राउंड (न उडणारी नकली गोळी) घातला, मी ट्रिगर दाबला, आवाज नाही पण नळी खाली डुचकी मारून आली, म्हणजे धमाक्याआधीच मनगट दचकत होतं! मग घरी एअर पिस्तूलवर ड्राय फायर (गोळी न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव), समोर कोरी भिंत, नजर फक्त फ्रंट साईटवर (नळीच्या टोकाकडची). रेंजवर पण तसंच, टार्गेट धूसर दिसतंय तर दिसू दे. कारण पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर २२ सेंमी, फ्रंट साईट मागचीच्या तुलनेत १ मिलीमीटर सरकली की २५ मीटरवर ११ सेंमीचा फरक, आणि दहाचं वर्तुळ जेमतेम ५ सेंमीचं. दोन्ही साईट जुळलेल्या असल्या तर हात थोडाफार डुलणारच, त्याचं एवढं काही नाही. आता ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) टार्गेटच्या काळ्यात बसतो, रॅपिडला (झटपट गोळ्या मारायच्या फेरीला) मात्र अजून बोंब आहे.